अडतीस मिनिटे, अधिक-उणे दोन

खोलीत काय काय होते हे ज्युनिअरने पहिल्याच दिवशी मोजून ठेवले होते, कारण त्या दिवशी तिला दुसरे काही करूच दिले नव्हते. काचेच्या पेटीत एक तराजू. त्याच्याखाली एक दगडी ओटा, कोणत्याही भिंतीला न चिकटलेला. तीन तापमापके, एकमेकांवर विश्वास नसल्यासारखी तीन वेगवेगळ्या भिंतींवर. काचेच्या झाकणांखाली चौदा प्रमाण वजने. पाती काढून घेतलेला एक पंखा. एक खिडकी, बंद. दोन खुर्च्या, एक वजन करायची, दुसरी वाट बघायची. एकाच हस्ताक्षरातल्या अकरा सूचना. आणि ते हस्ताक्षर ज्यांचे होते ते भूकंपकाका, नग एक.

काम तसे साधे होते. सोनार, औषधांचे कारखाने, शाळांच्या प्रयोगशाळा आपापली वजने इथे पाठवत. ती प्रमाण वजनांशी ताडून बघायची, प्रत्येकाची पाच वाचने नोंदवहीत लिहायची आणि खरी ठरली तर दाखला द्यायचा. यात अवघड असे काही नाही, असे ज्युनिअरला विज्ञानाची पदवी हातात घेऊन आत शिरताना वाटले होते. मग तिने भिंत वाचली.

'आत आल्यावर वीस मिनिटे बसावे.' 'बसल्यावर बोलू नये.' 'बांगड्या, लोकर व अत्तर बाहेर ठेवावे.' 'शिंक येत असल्यास बाहेर जावे', आणि त्याखाली वेगळ्या शाईत, 'व लगेच परत येऊ नये.' अकरावी सूचना होती, 'वरील सूचना वाचताना भिंतीला टेकू नये.' ती वाचेपर्यंत ज्युनिअर टेकलेली होती.

भूकंपकाकांना हे नाव त्यांनी भूकंप केल्यामुळे पडले नव्हते. त्यांना तो कळत असे. वजन चालू असताना वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची सरकवली की तराजूचा काटा केसभर थरथरायचा, काका हात मागे घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "कोण चाललंय?" मग जे कोण चालत असेल ते थांबेपर्यंत विज्ञान थांबायचे. कधी कधी ते स्वतःच उत्तर द्यायचे. "साहेब आले," म्हणायचे, आणि दोन मिनिटांनी साहेब दारात. एकदा म्हणाले, "कॅशिअरचा डावा गुडघा परत दुखतोय." दुपारी कॅशिअर खरोखरच लंगडताना दिसला. पण एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये असे ज्युनिअरला तीन वर्षे शिकवलेले असल्यामुळे तिने ते योगायोगाच्या खात्यात टाकले.

प्रश्न काकांच्या डोळे मिटण्याचा नव्हता; प्रश्न दोनशेचा होता. सहा महिन्यांत दोनशे दाखले झाले तर ज्युनिअर कायम, नाहीतर नमस्कार. तराजू एक आणि माणसे दोन. काकांच्या पद्धतीने दिवसाला पाच वजने व्हायची. त्यातली चार काकांची, एक तिची. दोन महिन्यांत तिचे चव्वेचाळीस दाखले झाले होते. पुढचा हिशेब करायला पदवी लागत नाही.

घरी तर आधीच पंचाईत झाली होती. बाबांनी सगळ्या इमारतीत मुलगी शास्त्रज्ञ झाल्याचे सांगून ठेवले होते, आणि समोरच्या काकू आपला वजनकाटा घेऊन येऊन गेल्या होत्या. तो दोन किलो जास्त दाखवतो, तेवढे कमी करून दे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ज्युनिअरने काटा तपासला. तो बरोबर निघाला. तेव्हापासून काकू तिच्याशी जेवढ्यास तेवढे बोलत.

तरीही सल्ला देताना त्यांनी मागचे काही मनात ठेवले नाही. साहेबांसमोर थोडे रडून बघ, त्या म्हणाल्या, हुंदका देऊ नकोस, नुसते डोळे भरून आण. आईचे मत होते की भूकंपकाका म्हणजे एकटा माणूस असेल, त्याला घरी जेवायला बोलवावे. पोट भरलेला माणूस नडत नाही. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी मात्र दोघींना उडवून लावले. "तोंडी तक्रार म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट," ते म्हणाले. "फिरत राहतं, पोचत नाही. लेखी द्या. आणि आकडे द्या. आकड्याला कोणी उलटून बोलत नाही."

आकडे हा शब्द ज्युनिअरच्या काळजाला भिडला. तिने मनगटावरच्या घड्याळाने बारा दिवस मोजणी केली: खोलीत पाय टाकल्यापासून पहिल्या वजनाला हात लागेपर्यंत किती वेळ जातो. सरासरी आली अडतीस मिनिटे बारा सेकंद. एवढा वेळ रोज मातीत. तिने आलेख काढला, तो दोनदा पुसून तिसऱ्यांदा नीट काढला, आणि हेडक्लार्कसमोर जाऊन उभी राहिली.

हेडक्लार्क हा गोल, उबदार आणि बोलका गृहस्थ होता. सहकाऱ्याविरुद्ध तक्रार म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला, कारण त्या तक्रारीचा छापील नमुना आठ वर्षांत कोणी मागितला नव्हता आणि तो कुठे ठेवलाय हे फक्त त्यालाच माहीत होते. तीन प्रती, निळी शाई. ज्युनिअरने रकाने भरत भरत नवव्यापर्यंत मजल मारली आणि तिथे थबकली. रकाना नऊ: 'ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याने वाचल्याची सही.'

"त्यांचीच सही?" तिने विचारले.

"मग? माणसाला आपल्याविरुद्ध काय चाललंय ते कळायला नको?"

"आणि नाही केली तर?"

"तर सही नाकारल्याबद्दल सही करावी लागते," हेडक्लार्क म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ज्युनिअरने वीस मिनिटे बसून घेतले, एकविसाव्या मिनिटाला तीन प्रती काकांपुढे ठेवल्या आणि पापण्या खाली केल्या. आरडाओरडा झाला असता तर तिने तो सोसला असता. त्यासाठी ती तयारी करून आली होती. काकांनी कागद दोनदा वाचला, तिसऱ्यांदा वाचायच्या आधी चष्मा पुसला, आणि खिशातून लाल पेन्सिल काढली.

"हे बारा सेकंद कुठून आले?"

"सरासरी काढली."

"रोजचे आकडे तीन-चार मिनिटांनी मागंपुढं होतायत. आणि सरासरीत सेकंद?" त्यांनी बारा सेकंदांवर रेघ मारली. रागाने नव्हे, भाजीतून खडा काढावा तशी. "मोजलं कशानं?"

ज्युनिअरने मनगट पुढे केले.

"याचा दाखला?"

घड्याळाला दाखला नव्हता. वाढदिवसाला मामाने दिलेल्या घड्याळाचा दाखला कोण मागतो? पण ज्या इमारतीत वजनांना दाखला लागतो तिथे घड्याळाला लागणार नाही असे म्हणायला तिची जीभ रेटेना. घड्याळ वरच्या मजल्यावरच्या वेळ-विभागात गेले. त्या आठ दिवसांत तिला किती वाजले ते काकांनाच विचारावे लागे, आणि ते सांगत असत, प्रेमाने. नवव्या दिवशी घड्याळ दाखल्यासह परत आले: दिवसाला चार सेकंद मागे. काकांनी तो दाखला बघितला, मान डोलावली आणि मोजणी पहिल्यापासून करायला सांगितली. यावेळी सुरुवात नेमकी कुठून धरायची, दाराची कडी वाजल्यापासून की पाऊल आत पडल्यापासून, हेही ठरवून दिले. बारा दिवस ते रोज विचारत होते, "आजचे किती?" आणि आकडा ऐकून म्हणत होते, "लिहून ठेव."

स्वतःच्या अपमानाची दाद मागायला निघालेल्या माणसाला सहलेखक मिळावा, हे दुःख कोणाला सांगावे? ज्युनिअरने ते आईला सांगितले. आई म्हणाली, मी सांगत होते, जेवायला बोलाव.

निष्कर्ष आला: अडतीस मिनिटे, अधिक-उणे दोन. काकांनी रकाना नऊमध्ये सही केली, आणि पस्तीस वर्षांची सवय सुटेना म्हणून खाली लिहिले, 'मोजमाप तपासले. बरोबर आहे.'

तक्रार मुख्य कार्यालयात गेली. त्यांनी सुनावणी ठेवली सोमवारी, त्यांच्याच गावी. तक्रारदाराने यायची गरज नव्हती. आकडे पुरेसे स्पष्ट होते. भूकंपकाकांनी नोकरीत पहिल्यांदा एक अख्खा दिवस खोलीबाहेर घालवायचे ठरले. जाताना त्यांनी किल्ली ज्युनिअरच्या हातावर ठेवली. सोमवारी तिने दार उघडले तेव्हा भिंतीवर बारावी सूचना होती: 'मी नसलो तरी वीस मिनिटे.'

ती बसली. कोणी बघत नव्हते, तरी बसली. मग कामाला लागली, आणि चौथ्या वजनानंतर तिच्या लक्षात आले की सगळा दिवस आपला आहे. तिने खिडकी उघडली. बाहेरचा वारा आत आला, आणि त्याबरोबर मोकळेपणाही. संध्याकाळी सहा वाजता नोंदवहीत एकतीस वजने होती. एका दिवसात एकतीस. हेडक्लार्क मध्येच येऊन कौतुक करून गेला. साहेबांनी आकडा दोनदा विचारला आणि म्हणाले, "मग इतकी वर्षं आपण काय करत होतो?" चार महिन्यांचे अठ्ठ्याऐंशी अधिक एकतीस, एकशे एकोणीस. त्या रात्री बाबांनी ही बेरीज जिन्यात भेटेल त्याला सांगितली.

मंगळवारी काका परत आले. त्यांनी तराजूची पेटी पुसली आणि हात मधेच थांबला.

"साहेब," ते म्हणाले. "धावतायत."

साहेब धावतच आले होते. मुख्य कार्यालयाचा फोन होता. दरवर्षी कुठल्या तरी प्रयोगशाळेला नकळत एक चाचणीचे वजन पाठवतात. बाहेरून ते सोनाराच्या वजनासारखेच दिसते आणि त्याची खरी किंमत, म्हणजे नेमके वजन, फक्त त्यांना माहीत असते. यंदा ते इथे आले होते. ते मागच्या आठवड्याच्या गठ्ठ्यात होते, म्हणजे कालच्या एकतिसांत. कोणते, ते सांगणार नव्हते. निकाल शुक्रवारी संध्याकाळच्या टपालाने जायला हवे होते. शून्य पूर्णांक तीन मिलिग्रॅमपर्यंत फरक चालेल. त्याच्या वर गेला तर खोलीला कुलूप.

"काल तुझं कौतुक केलं मी," साहेब ज्युनिअरला म्हणाले, आणि केलेले कौतुक परत घेता येत नाही याचे त्यांना वाईट वाटत असावे. "हे बरोबर निघालं तर तुझा कायमचा कागद त्याच दिवशी पुढं पाठवतो. दोनशेचं मी बघून घेईन. पण चुकलं, तर पाठवायला माझ्याकडं कागदच नसेल."

ते गेल्यावर ज्युनिअरने हिशेब मांडला. चार दिवस, दिवसाला पाच, म्हणजे वीस वजने परत करता येतील. करायची एकतीस. अकरा उरतात. आणि त्या अकरांत ते एक असले तर? काका मात्र वेगळेच काहीतरी मागत होते.

"कालची नोंदवही दे."

त्यांनी ती मांडीवर घेतली. दुसरा माणूस वर्तमानपत्र वाचतो तसे ते आकडे वाचू लागले, ओठ किंचित हलवत. एकतीस वजने, एकशे पंचावन्न वाचने. ज्युनिअरला त्यात आकड्यांखेरीज काही दिसत नव्हते. तीच तर आकड्यांची शोभा होती.

"पहिली चार चांगली आहेत," काका म्हणाले. "तेव्हा तू मला भीत होतीस."

पान उलटले.

"पाचपासून खिडकी उघडलीस."

ज्युनिअरने खिडकीकडे बघितले. ती बंद होती. तिनेच बंद केली होती, जेवायला जाताना, धूळ येते म्हणून.

"बघ ना. प्रत्येक वजनाची पाच वाचनं एकाच बाजूला सरकत गेलीत. हवा डावीकडून गार होतेय. बारापर्यंत तसंच. मग खिडकी लावलीस नि जेवून आलीस. तेरा." त्यांनी बोट ठेवले. "जिन्यावरून पळत आलीस. अंग गरम होतं, बसली नाहीस. चौदा ते अठरा उत्तम."

"ती कशी काय उत्तम?"

"जेवण झालेलं. डोळ्यावर झापड होती. झापड आलेला माणूस हलत नाही."

हे खरे होते, आणि ते तिने आईलासुद्धा सांगितले नव्हते.

"एकोणीस. पहिली दोन ठीक, तिसरं एकदम उडालंय, पुढची दोन परत जागेवर. काहीतरी जड जिन्यावरून गेलं. एकट्या माणसाचं काम नाही, तिघं असतील. तीन-सव्वातीनला." काका थांबले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात तक्रार आली. "वीस ते चोवीस मात्र मला आवडलं नाही. तुझ्या उजवीकडं कोणीतरी बसलं होतं. सव्वा तास."

"कोण?"

"एवढी ऊब या इमारतीत एकाच माणसाला आहे."

ज्युनिअर उठली आणि वर गेली. शिपायाने सांगितले, हो, काल कपाट चढवलं, आम्ही तिघं होतो, तीन वाजून गेले होते. हेडक्लार्क म्हणाला, छे, मी पाच मिनिटं डोकावलो असेन फार तर. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, दहा. ज्युनिअर जिना उतरू लागली आणि मधल्या पायरीवर तिला थांबावे लागले, कारण तिच्या अंगावर काटा आला होता. तीन वर्षे तिने आकाशातल्या ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान काढणाऱ्यांबद्दल वाचले होते आणि तेव्हा असेच झाले होते. पण तारे लांब असतात. इथे एक माणूस एका स्टीलच्या खुर्चीत बसून, दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या आकड्यातून, तिचा कालचा अख्खा दिवस वाचत होता: भीती, वारा, जेवण, झोप, कपाट आणि हेडक्लार्क. आणि तिने त्या माणसाचा वेळ मोजला होता, मनगटावरच्या घड्याळाने.

ती आत आली. वाट बघायच्या खुर्चीवर बसली. वीस मिनिटे गेल्यावर काका पुढे बोलू लागले.

"पंचवीस ते सत्तावीस चांगली. त्याच्या आधी तू चहाला गेली होतीस, खोली निवली. अठ्ठावीसपासून घाई. काटा ठरायच्या आत वाचलायस." त्यांनी वही मिटली. "एकोणीस वाईट, बारा चांगली. एकोणीस परत करू. बाराला हात लावायचा नाही."

"आणि ते चाचणीचं वजन या बारांतलंच असलं तर?"

"मग बरंच आहे. ते झालेलं आहे."

पोस्टमास्तरांनी सांगितले होते, आकड्याला कोणी उलटून बोलत नाही. "ठीक आहे काका," ती म्हणाली.

त्या चार दिवसांत काका वजन करायच्या खुर्चीवर बसले नाहीत. तिथे तिला बसवले आणि स्वतः वाट बघायच्या खुर्चीत बसून राहिले. वाचन तिने सांगायचे, त्यांनी लिहायचे. गुरुवारी सुनावणीचा निकाल आला. हेडक्लार्कने तो दारातूनच वाचून दाखवला, कारण आता त्याला आत यायची चोरी झाली होती. तक्रार सत्य आढळली. आकडेवारी समाधानकारक. संबंधितांनी रोज अडतीस मिनिटे वाचवावीत.

ज्युनिअरचे कान गरम झाले. खोलीच्या तापमानावर त्याचा परिणाम होईल की काय, या भीतीने ते आणखी गरम झाले.

"तुम्ही तिथं काय सांगितलंत?" तिने विचारले.

"विचारलं, काही म्हणायचंय का. म्हटलं, आकडा बरोबर आहे."

"मग तुम्हाला संध्याकाळ का झाली?"

"त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ सहा मिनिटं पुढं होतं," काका म्हणाले. "ते पटवून देईपर्यंत झाली."

शुक्रवारी ज्युनिअर लवकर आली, आणि बघते तर खोली उघडी, काका आत डोळे मिटून बसलेले. हुकूम आहे, ते म्हणाले. अडतीस मिनिटं वाचवायची तर अडतीस मिनिटं आधी येऊन बसायला हवं.

"पण अधिक-उणे दोन होते ना?"

"म्हणून चाळीस मिनिटं आधी आलो."

दुपारी तीनपर्यंत एकोणिसावे वजन झाले. एका वजनापुरती जागा शिल्लक होती. काका म्हणाले, तुझ्या मनात शंका असेल तर बारांतलं एखादं परत कर, मला राग नाही. ज्युनिअरने बारा डब्यांकडे बघितले. हात पुढे गेला, मागे आला. तिने तो मांडीवर ठेवला आणि रिकाम्या तराजूच्या काट्याकडे बघत बसली. तो स्थिर होता. मग केसभर हलला, थांबला, परत हलला, पण सारखा नाही. एक झोका लांब, एक आखूड.

"कॅशिअर," ती हळूच म्हणाली.

"कुठला गुडघा?" काकांनी डोळे न उघडता विचारले.

तिने काटा आणखी थोडा वेळ बघितला. "डावाच."

काकांनी वही मिटली. संध्याकाळच्या टपालाने एकतीस निकाल गेले.

उत्तर यायला सोळा दिवस लागले. साहेब पाकीट घेऊन स्वतः खाली आले, दारातच फोडायला निघाले, आणि काकांनी भिंतीकडे बोट केले. साहेबांनी पहिली सूचना वाचली. दुसरी वाचली. मग ते वाट बघायच्या खुर्चीवर बसले, पाकीट गुडघ्यांवर ठेवून. ज्युनिअर वजन करायच्या खुर्चीवर होती. काका ओट्यापासून हातभर लांब उभे होते. दाराबाहेर हेडक्लार्क श्वास रोखून होता, आणि तो आत सोडत नव्हता याबद्दल त्याला श्रेय द्यायला हवे. वीस मिनिटे कोणी बोलले नाही. काटा मध्यावर येऊन थांबला. ज्युनिअरने मनगटावर बघितले, चार सेकंदांचा हिशेब धरला आणि मान हलवली.

साहेबांनी पाकीट फोडले आणि हळू आवाजात वाचले.

चाचणी वजन, नोंद क्रमांक चार. मुख्य कार्यालयाची किंमत आणि या प्रयोगशाळेची किंमत यांतला फरक, शून्य पूर्णांक शून्य तीन मिलिग्रॅम.